वाटणीचा ब्रेक

ट्रकचं मागचं डावं चाक काढून मिस्त्रीने भिंतीला टेकवलं, तेव्हा ऊन नुकतंच शेडच्या पत्र्यावर चढत होतं आणि त्याचे दोन्ही मेहुणे ट्रकच्या दोन बाजूंना ठाण मांडून बसले होते. थोरला उजवीकडे उलट्या टोपलीवर, धाकटा डावीकडे फाटक्या टायरवर. एकमेकांचं तोंड दिसणार नाही एवढा ट्रक उंच होता, आणि दोघांनी ते बघूनच बसकण मारली होती.

मिस्त्रीने ब्रेकच्या ड्रमला चहूबाजूंनी हातोडीचे ठोके दिले. ड्रम सुटला तो ओंजळभर काळा चिखल घेऊनच. पाऊस जाऊन पंधरवडा झाला होता, रस्ते वरून वाळले होते, पण त्या गावची माती एकदा कशाला चिकटली की सोडायचं नाव घेत नसे. मिस्त्रीने चिंधीने ड्रम पुसला आणि उन्हात धरून फिरवला. वीतभर तडा गेला होता.

"गेला हा," तो म्हणाला.

"कुठल्या बाजूचा?" थोरल्याने विचारलं.

"डाव्या."

"मग माझा नव्हे," असं म्हणून थोरल्याने निवांत पाय लांब केले.

या मेहुण्यांचा बाप दोन वर्षांपूर्वी गेला आणि वाटणी करायला त्यांचे मामा आले. मामांचा हात मोठा साफ. त्यांनी रान मधून कापलं, घर मधून कापलं, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटून दिले, आणि शेवटी अंगणात हा जुना ट्रक उरला. तो विकावा असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं, आणि तो दुसऱ्याने ठेवावा असं तर मुळीच वाटत नव्हतं. मामांनी खडू मागवला आणि बॉनेटच्या मधोमध सरळ रेघ ओढली. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. स्टिअरिंग उजवीकडे गेलं म्हणून भरपाईला किल्ली धाकट्याकडे. ट्रक हलवायचा तर दोघांनी चढलंच पाहिजे, म्हणजे या निमित्ताने तरी भाऊ एकत्र राहतील, असा मामांचा हिशोब होता.

भाऊ एकत्र बसत, पण वाटणीच्या दिवसापासून एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. बाजारला निघताना मध्ये कुणाला तरी बसवावं लागे आणि निरोप त्याच्या मार्फत जात. ट्रकचा उजवा दिवा पिवळा, डावा पांढरा. उजवीकडचे टायर नवे, तर डावीकडचे गुळगुळीत. मागच्या हौद्यात मधोमध फळी ठोकलेली, एकीकडे थोरल्याचे भोपळे, दुसरीकडे धाकट्याचे कोबी. हँडब्रेक नेमका मधोमध, त्यामुळे तो कुणाच्याच वाट्याला आला नाही. त्याची तार तुटून वर्ष झालं होतं, ती कोण बसवणार? उतारावर थांबायचं झालं की थोरला उतरून आपल्या चाकाखाली आपला दगड लावी, आणि धाकटा आपल्या चाकाखाली आपला.

पुढच्या ब्रेकांची कथा तर आणखी न्यारी. दोन्हीकडचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजून पत्र्याला टेकले होते. पण एकाने आधी बदलले तर दुसऱ्याच्या बाजूला फुकटचा आधार मिळेल, या धास्तीने दोघेही दुसऱ्याची वाट बघत होते.

आणि मिस्त्री या दोघांच्या एकुलत्या एका बहिणीचा नवरा. माहेर चार घरांपलीकडे, पण त्याची बायको दोन वर्षांत तिथे जेवली नव्हती. थोरल्याकडे पाटावर बसली की धाकट्याच्या घरात भांडी आपटायची, आणि धाकट्याकडे पाणी प्यायली तरी थोरली भावजय आठवडाभर तोंड फिरवायची. शेवटी तिने कानाला खडा लावला. नवऱ्याला मात्र तिने बजावून ठेवलं होतं की त्या ट्रकच्या बाबतीत कुणाचीही बाजू घ्यायची नाही. "मला दोनच भाऊ आहेत," ती म्हणायची, "दोन्ही राहू देत."

त्या सकाळी धाकटा टायरवरून उठला आणि शेडमागून एक पोतं ओढत घेऊन आला. पोत्यातून निघाली डिस्क, तिला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरसकट. भंगारात गेलेल्या एका नव्या गाडीची त्याने ती मिळवली होती. उजवीकडची चेपून चपटी झालेली होती, म्हणून एकच आणली, डावी. त्याला हवी होती तेवढीच.

"दाजी, ड्रमचा जमाना गेला," तो मिस्त्रीला म्हणाला, पण आवाज पलीकडे जाईल एवढा चढवून. "आपला ओढा ओलांडला की ड्रमात पाणी भरतं आणि पुढे कोसभर ब्रेक नुसता नावाला. डिस्कचं पाणी एका फेऱ्यात झटकून जातं. ज्यांना समजत नाही त्यांना सांगा."

"दाजी," उजवीकडून उत्तर आलं, "त्यांना सांगा, बापाने तीस वर्षं ड्रमावर माल उतरवला. ही ताटली उघडी असते. एक खडा अडकला की पॅडचा भुगा. आणि तिला हँडब्रेक कुठून जोडणार?"

हँडब्रेक चालूच नव्हता, हे दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसून ऐकत होता. त्याला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. ड्रम ओझं चांगलं धरतो, त्याला हँडब्रेक सोपा, लायनर कुठेही मिळतात, पण चिखलपाण्याने तो रुसतो. डिस्क पाण्याला भीत नाही, पण खडीचा रस्ता तिचे पॅड खाऊन टाकतो, आणि जुन्या गाडीला ती बसवायची म्हणजे सगळं नव्याने जुळवायचं. काहीही घाला, चालेल. फक्त एका आसाच्या दोन चाकांना एकच पाहिजे. आणि त्याआधी पुढचे लायनर. त्याने हे सगळं नीट, सावकाश, दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"पुढचं भांडण नाही दाजी," थोरला म्हणाला. "मागचं बोला."

या एका बाबतीत धाकट्याचंही तेच मत पडलं.

दुपारपर्यंत शेडपुढे गाव जमलं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांनाही ब्रेकबद्दल मत होतं. न्हावी डिस्कच्या बाजूचा, पिठाच्या गिरणीवाला ड्रमच्या, आणि मास्तर दोन्हीकडे मान हलवणारे. कुणीतरी मामांना बोलावून आणलं. मामांनी ट्रकला एक फेरी मारली, तडकलेला ड्रम पाहिला, डिस्क पाहिली, आणि त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

"ज्याची बाजू त्याचा ब्रेक," ते म्हणाले. "उजवीकडे ड्रम राहू दे, डावीकडे डिस्क बसव. यात भांडायचं काय?"

लोक वाहवा करत पांगले. मिस्त्री मामांच्या मागे रस्त्यापर्यंत गेला. गाडी एकीकडे ओढेल, उतारावर जीव जाईल, असं तो काकुळतीला येऊन सांगू लागला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन्ही मेहुण्यांना दुखवू नये, जावयाने तर मुळीच नाही, हे त्याला समजावलं. तो परत आला तेव्हा धाकटा म्हणाला की दाजींना थोरल्याचा पुळका आहे, आणि थोरला म्हणाला की दाजी धाकट्याला फूस लावतात. नाही जमत म्हणावं तर धाकटा वेल्डिंगवाल्याकडून ती डिस्क वेडीवाकडी डकवून घेणार, हे मिस्त्रीला दिसत होतं. मग निदान नटबोल्ट तरी आपल्या हाताने आवळलेले असावेत, असा विचार करून त्याने काम हातात घेतलं.

तीन दिवस तो त्या चाकाशी झुंजला. कॅलिपरला आधार म्हणून जाड पट्टी कापली, भोकं पाडली, पाईप वळवला, ब्रेक ऑइल भरून पुन्हा पुन्हा हवा काढली. बायको चहा घेऊन आली की क्षणभर उभी राहायची. काम चांगलं होतं. आयुष्यात एवढं चुकीचं काम त्याने एवढं चांगलं कधी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी खळ्याच्या सपाट जागेवर रिकामा ट्रक पळवून बघितला. कोरडी जमीन, कमी वेग. ट्रक थांबला. किंचित डावीकडे मान वळवून थांबला, पण थांबला. बघ्यांनी मिस्त्रीकडे पाहून दात काढले. मामा म्हणाले, उगीच घाबरवत होता.

त्याच दिवशी भोपळे आणि कोबी भरले गेले. थोरला आपल्या दाराने स्टिअरिंगवर चढला, धाकटा आपल्या दाराने किल्ली घेऊन. मध्ये बसायला गावातला कुणी मिळेना. त्या दिवशी नेमकी सगळ्यांनाच कामं निघाली होती. मिस्त्रीने हात पुसले आणि तो मध्ये जाऊन बसला. त्याच्या मनात भलतं धैर्य वगैरे काही नव्हतं. हे दोघं गेले आणि आपण राहिलो तर संध्याकाळी घरी कुठल्या तोंडाने जायचं, एवढाच प्रश्न होता.

गाव सोडलं की ओढा लागतो. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं. ट्रक गाळ ढवळत पलीकडे चढला, आणि मिस्त्रीने थोरल्याला विनवलं की जरा थांबून दोनचारदा ब्रेक दाबा, ड्रम सुकू द्या. धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डिस्कला असलं काही लागत नाही, सांगा त्यांना." झालं. थोरल्याचा हट्ट पेटला आणि तो न थांबता पुढे निघाला.

पुढे लांबलचक उतार. डावीकडे खोल घळ, उजवीकडे कुणाचं तरी नुकतंच नांगरलेलं रान, आणि खाली मोठा रस्ता आडवा, त्यावरून वाहनं सारखी जाताहेत. अर्ध्या उतारावर थोरल्याने ब्रेकवर पाय ठेवला. उजव्या ओल्या ड्रमाने काही धरलं नाही. डाव्या डिस्कने कडकडून धरलं. ट्रकचं तोंड गपकन घळीकडे वळलं. थोरल्याने पाय काढला, तोंड सरळ झालं, पण वेग वाढला. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा घळ. खालचा गिअर टाकायला गेला तर तो दात खाऊन बाहेर आला.

"दाजी, त्यांना सांगा स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरा," धाकटा म्हणाला.

"दाजी, त्याला सांगा मी दुसरं काय करतोय."

"दाजी, हँडब्रेक ओढायला सांगा."

मिस्त्रीने मधला हँडब्रेक ओढला. तो त्याच्या हातातच वर आला, तारेचा तुटका तुकडा लोंबत.

मिस्त्रीला खालच्या रस्त्यावरची मोटार दिसत होती, तिच्या मागची दुसरी दिसत होती, आणि तेवढ्यात डाव्या बाजूला घळीचा काठ अगदी चाकापाशी आला. तेव्हा थोरला स्टिअरिंगवर ओणवा होऊन, मध्ये मिस्त्री आहे हे विसरून, सरळ धाकट्याकडे बघून बोलला.

"बारक्या, दार उघड. उडी मार. तू तरी वाच."

दोन वर्षांनी तो त्याला बारक्या म्हणाला होता. धाकट्याने दाराला हात घातला. मग तो हात तिथून काढला, मिस्त्रीच्या मांडीवरून आडवा झाला आणि दोन्ही हातांनी त्याने थोरल्याचं स्टिअरिंग पकडलं.

"तुला सोडून कुठे उडी मारू दादा? ओढ उजवीकडे. ब्रेक सोड आणि ओढ."

दोघांनी मिळून ते चाक उजवीकडे आणलं. मिस्त्री दोघांच्या मधे चेपला होता, त्याच्या नाकात एकाचा कोपर आणि कानापाशी दुसऱ्याची हनुवटी. ट्रकने रस्ता सोडला, बांध ओलांडला आणि तो नांगरलेल्या रानात घुसला. पुढची चाकं ढेकळांत खोल रुतली. मागची फळी मोडल्याचा आवाज झाला, आणि भोपळे आणि कोबी एकमेकांत मिसळून टपावरून बॉनेटवर गडगडले. मग सगळं शांत झालं. इंजिनही बंद पडलं होतं.

तिघे उतरून ढेकळांत बसले. धाकटा उठला, भावाच्या कपाळाला लागलेलं रक्त त्याने आपल्या टोपीने पुसलं आणि टोपी तशीच त्याच्या डोक्यावर दाबून ठेवली. सगळं भरून पावलं, असं मिस्त्रीला वाटलं. आता यांना समजलं असेल, आता तरी आपलं म्हणणं पटलं असेल.

"बारक्या," थोरला म्हणाला, "यात तुझी चूक नाही आणि माझीही नाही."

"मग कुणाची दादा?"

थोरल्याने मिस्त्रीकडे बघितलं. धाकट्यानेही बघितलं.

"काम नीट झालं नाही," थोरला म्हणाला.

"मी तेच म्हणणार होतो," धाकटा म्हणाला. "माझी डिस्क चांगली होती आणि तुझा ड्रमही चांगला होता. जोडणाऱ्याने घोटाळा केला."

"तीन दिवस घेतले, तरी ही गत."

"घरचा माणूस म्हणून आपण बोलत नव्हतो, दादा."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या दिवशी काय सांगितलं, मामांपुढे काय सांगितलं, ओढ्यापाशी काय सांगितलं, सगळं त्याच्या ओठांवर आलं. मग त्याने बघितलं की दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलताहेत. मध्ये कुणाला न घेता, दाजी त्यांना सांगा न म्हणता. एकाचं वाक्य अर्धवट राहिलं की दुसरा पुरं करतो आहे. बोलायला विषय मिळाला होता, आणि तो विषय काढून घेतला तर दोघांकडे दुसरं काय उरणार, ते त्याला सांगता येईना.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला.

"चुकलं म्हणून भागतं का दाजी?" दोघेही एकदमच बोलले.

ट्रक ओढून काढला तो मिस्त्रीच्या शेडकडे आलाच नाही. दोघे भाऊ तो दुसऱ्या ट्रकला बांधून बाजारच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. गावात बातमी आधीच फिरली होती. मामांनी मान हलवून सांगितलं की निवाडा बरोबर होता, हात कच्चा होता. न्हावी आणि गिरणीवाला, ज्यांचं ब्रेकवर कधी जमलं नव्हतं, त्यांचंही यावर एकमत झालं. त्या आठवड्यात शेडकडे कुणी साधी मोटारपंपाची पुलीसुद्धा घेऊन आलं नाही. मिस्त्री दिवसभर हत्यारं पुसत बसायचा.

आठव्या दिवशी ट्रक दारात उभा राहिला. दोघेही एकाच दाराने उतरले. मिस्त्रीची बायको धावत बाहेर आली. भाऊ तिला जेवायला न्यायला आले होते. दोन घरांतल्या बायकांनी मिळून एकाच चुलीवर स्वयंपाक केला होता, आणि आधी कुणाकडे हा प्रश्नच उरला नव्हता.

थोरला ओट्यावर बसून नव्या मिस्त्रीचं कौतुक सांगू लागला. कुठल्या बाजूला काय घालायचं यावर म्हणे तिथेही वाद झाला होता. थोरला म्हणत होता की धाकट्याच्या मनासारखी दोन्हीकडे डिस्क बसवू, धाकटा म्हणत होता की नको, दादाचा ड्रमच बरा, आणि कुणी ऐकेना. त्या मिस्त्रीने दोघांना गप्प केलं.

"माणूस कसला हुशार दाजी," थोरला म्हणाला. "गाडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, मागे काहीही घाला, पण दोन्ही चाकांना एकच घाला. आणि त्याच्या आधी पुढचे लायनर बदला."

"हे ऐकलं आणि आमचे डोळे उघडले," धाकटा म्हणाला. "असं कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मागे दोन्ही ड्रम, पुढे नवे लायनर, हँडब्रेकला नवी तार. तुम्हीसुद्धा एकदा जाऊन बसा त्याच्याकडे. चार गोष्टी शिकाल."

मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने बायकोकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्याने तेच शब्द तिच्यासमोर दोनदा उच्चारले होते. ती बोलायला तोंड उघडणार तोच त्याने हळूच मान हलवली, आणि ती आत साडी बदलायला गेली.

तो ट्रकजवळ गेला. सवयीने वाकून त्याने मागच्या चाकाच्या आत बघितलं. काम स्वच्छ होतं, पाईप नीट बांधलेला, कुठे थेंबभर ओल नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. ड्रम किती तापतो ते बघायला त्याने हात पुढे केला.

"दाजी," ओट्यावरून थोरला म्हणाला, "हात तेवढा लावू नका."

"राग मानू नका," धाकट्याने समजावलं, "पण आता कुठे गाडी नीट झाली आहे."

मिस्त्रीने हात मागे घेतला. बायको बाहेर आली आणि दोन भावांच्या मध्ये जाऊन बसली. तिने खिडकीतून नवऱ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. या की तुम्ही पण, असं ती म्हणाली. ट्रकात जागा नव्हती. चालत येतो, असं त्याने सांगितलं, आणि फार वेळ लावू नका म्हणून तिने त्याला बजावलं.

ट्रक गल्लीच्या उताराला लागला. वळणावर एक म्हैस आडवी आली, आणि मिस्त्री दोन पावलं पुढे धावला. ट्रक जागच्या जागी थांबला, सरळ रेषेत, चारही चाकांवर सारखा. मेहुण्यांची शाबासकी इथपर्यंत ऐकू आली. ती त्या बाजारच्या मिस्त्रीला होती.

मिस्त्रीने शेडला कुलूप लावलं आणि तो जेवायला निघाला.